मंगळीच्या वाटचं दूध

भाद्रपद लागला की मी भांडखोर होते. सून म्हणते, आईंना ऊन बाधतं. बाधू दे. श्रावणात भिजलेल्या जमिनीवर एकदम कडक ऊन पडतं, सोसायटीच्या फरश्यांतून वाफ निघते, टाकळ्याचा उग्र वास बाजारापासून पिशवीतून घरापर्यंत येतो आणि मला कुणाचंच काही पटेनासं होतं. परवा सुनेनं कंटोळ्यांची भाजी केली, हौसेनं, वर ओलं खोबरं पेरून. "रानभाजी आहे आई, एकदम ऑरगॅनिक!" स्टेशनाबाहेर कातकरणी फडकं पसरून बसतात, त्यांच्याकडून आणलेली. मी ताट सारलं. "मला नाही आवडत." हे मी आयुष्यभर सांगत आले आहे आणि ते साफ खोटं आहे. कंटोळी मला अतिशय आवडतात. घशाखाली उतरत नाहीत, एवढंच.

एक भाद्रपद माझ्या मानगुटीवर बसलाय, तो उतरत नाही. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, मी दहाएक वर्षांची. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ मुकुंद एका कातकरणीच्या दुधावर जगला. तिचं नाव बुधी. ते दूध तिच्या मुलीच्या, मंगळीच्या वाटचं होतं. मंगळी जगली नाही. गोष्ट एवढीच. बाकी सगळा नुसता पाऊस.

तेव्हाचं कुळगाव म्हणजे काय, आता सांगूनही कुणाला पटायचं नाही. जिथं आमची लिफ्टवाली इमारत उभी आहे तिथं भाताची खाचरं होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर. सायकलवरून जायचे, पावसाळ्यात मेणकापडाचा कोट घालून, आणि परत यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला तेलाचा आणि ओल्या कापडाचा वास. आमच्या भाड्याच्या घराला मागं पडवी होती. पडवीतून डोंगर दिसायचा. त्या डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे हे आम्हाला माहीत होतं, कारण आमच्या शेगडीत जळणारा कोळसा तिथून यायचा. पावसाळ्यात कोळशाची भट्टी बंद. भाताची लावणी आटोपली की शेतावरचं कामही बंद. मग कापणीपर्यंत ती माणसं काय खातात, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. ओढ्यात खेकडे असतात, रानात पाला असतो, कंद असतात. "त्यांना काय, सगळं रान त्यांचंच!" असं आमची आत्या म्हणायची.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झाली आणि आमच्या घरी आली, ती घरच चालवायला लागली. तोंडानं फाटकी, पण घराचा कणा. ती काही बोळ्यानं दूध पिणारी बाई नव्हती. भाजीवाल्यापासून भटजीपर्यंत सगळे तिला टरकून असत.

मुकुंद आषाढात झाला. आईला बाळंतज्वर आला आणि दूध आटलं. आळीव झाले, शेपू झाली, मेथीचे लाडू झाले, काही उपयोग नाही. मुकुंद रडायचा तो मांजराच्या पिल्लासारखा, बारीक. मी देवाला काय काय कबूल केलं होतं! लंगडी खेळणार नाही, आत्याला उलट उत्तर देणार नाही, कैरी चोरणार नाही. एवढं सगळं पणाला लावलं होतं मी त्याच्यासाठी.

वडिलांनी पावडरच्या दुधाचे डबे आणले. कॅम्पातून, पाच नंबरातून. उल्हासनगरला लोक तेव्हा कॅम्पच म्हणत. फाळणीत सगळं सोडून आलेले सिंधी तिथं लष्करी बराकींत राहत होते, आणि त्यातल्या त्यात दुकानं थाटून बसले होते. बाहेर कुठं मिळत नसे ते तिथं मिळे. दुकानदार म्हातारा होता. डबा हातात देण्याआधी त्यानं वडिलांना बजावलं होतं, ते वडील घरी येऊन त्याच्याच भाषेत सांगत, "साईं, पानी उबालना. बरसात का पानी है, बिना उबाले मत देना. हमारे बच्चे ऐसेही गए, इधर बराक में." डब्यावर एका गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. आई अंथरुणावरून त्या चित्राकडे बघत राहायची.

आम्ही पाणी उकळत होतो. वाटी, चमचा, बोंडलं, सगळं उकळत होतो. तरी मुकुंदला हगवण लागली. डॉक्टर आले, पोरगं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "डब्याचं दूध बंद. आजपासून. याला ते मारील. अंगावर पाजणारी बाई बघा."

आत्यानं दोन दिवसांत बाई बघितली. बुधी आमच्याकडे कंटोळी, टाकळा असली रानभाजी घेऊन यायची, कडेवर पोर असायची, हे तिच्या नजरेत होतं. आईला पटेना. कातकरणीचं दूध! आत्या म्हणाली, "सोन कातकरीण आहे, गाय खाणाऱ्या ढोर कातकऱ्यांतली नव्हे. आणि दुधाला जात चिकटत नाही. पोर गेलं तर काय जात घेऊन बसशील?" माझ्या सोवळ्यातल्या आत्याच्या तोंडून हे वाक्य आलं होतं. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला. आजही वाटतो, हीच तर अडचण आहे. त्या घरात कुणी दुष्ट असतं तर मी सगळं त्याच्या माथी मारून मोकळी झाले असते.

बुधी आली तेव्हा मंगळी कडेवर होती. वर्षाची व्हायला आली होती. पडवीत सोडली तशी ती भिंत धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून थुंकीचे बुडबुडे काढायला लागली. मी पण काढले. ती खदाखदा हसली. काळीभोर, पोट पुढं आलेलं, पण डोळ्यांत मिश्कीलपणा. ही ओळख आमची.

आत्यानं बुधीला अंघोळ घातली, धुवट लुगडं दिलं आणि मुकुंदला तिच्या मांडीवर ठेवलं. त्यानं तोंड लावलं मात्र, आणि घरभर शांतता झाली. आतल्या खोलीत आई रडत होती. मंगळीनं आपल्या आईच्या मांडीवर दुसरंच कुणी बघितलं आणि भोकाड पसरलं. रांगत आली, लुगडं ओढायला लागली. बुधी एका हातानं तिला घ्यायला गेली तर आत्या म्हणाली, "नाही हां. एका अंगावर दोन पोरं पोसत नसतात. उद्यापासून हिला घरी ठेवून ये."

"मंग माझी पोर काय पियेल, बाय?" बुधीनं विचारलं. भांडून नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

"तिची सोय केलीय," आत्या म्हणाली आणि आतून डबे घेऊन आली. एक अर्धा, एक न फोडलेला.

आमच्या घरात काही टाकायची पद्धत नव्हती. शिळ्या पोळीचा कुस्करा व्हायचा, विटलेल्या लुगड्याची दुपटी व्हायची आणि आपल्याला सोसेनासं झालेलं जे काही असेल ते दारावर येणाऱ्या गरिबाला द्यायचं. हा आमचा धर्म होता, आणि आम्हाला त्याचा केवढा संतोष होता! आई अंथरुणावरून म्हणाली, "दे दे, वन्सं. वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी मुखी लागेल." वडील म्हणाले, "पाणी उकळून घे हो." बुधी म्हणाली, "व्हय." डब्यावरचं बाळ बघून ती हसली. तिच्या वाडीत असली वस्तू कुणाकडे नव्हती. तिनं डबे पदरात गुंडाळले आणि मंगळीला कडेवर मारून उतरणीनं गेली. आम्ही सगळे पडवीत उभे राहून बघत होतो. आपण काही चांगलं केलं, असं आम्हाला वाटत होतं.

डॉक्टरांचं वाक्य आमच्यापैकी कुणाला आठवलं नाही. की आठवलं, आणि ते आपल्या बाळाबद्दल होतं, तिच्या नव्हे, असं वाटलं? कातकऱ्यांची पोरं टणक असतात, असंही आम्ही म्हणायचो. आणि कातकऱ्यांची पोरं जगत नाहीत, असंही आम्हीच म्हणायचो. एकाच तोंडानं. त्या दोन वाक्यांची कधी आपसांत टक्कर झाली नाही.

श्रावण गेला तो मुकुंदच्या बाळसं धरण्यात. काय सुंदर दिवस होते, खोटं कशाला बोलू? आई उठून बसायला लागली. पडवीत ऊनपावसाचा खेळ चालायचा, बुधी भिंतीला टेकून मुकुंदला पाजायची आणि मी समोर बसायची. मला काम दिलं होतं. बुधी जेवते का नीट, हे बघायचं. सकाळी आळिवाची खीर, दुपारी भात, वरण, तूप, चार वाजता डिंकाचा लाडू. घरी न्यायचं नाही, इथंच खायचं. आत्याचा हिशेब सरळ होता, "घरी नेलंस तर नवरा खाईल, पोरं खातील. दूध काय आभाळातून उतरणार आहे?" बुधी मान खाली घालून खायची. भराभर, चव न घेता, औषध घ्यावं तशी. एकदा तिनं लाडू ओटीत खोचला. आत्याच्या डोळ्यांतून तो सुटला नाही. आत्या ओरडली नाही, नुसता हात पुढं केला. बुधीनं लाडू काढून तिच्या हातावर ठेवला आणि आत्यानं तो परत तिच्याच ताटात ठेवला. "खा. तुझ्यासाठीच केलाय." बुधीनं खाल्ला. तो खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला वाटलं, लाडू फार गोड झाला असेल. दहा वर्षांची मुलगी इतकी मठ्ठ असते? असते. पोट भरलेलं असलं की असते.

नागपंचमी झाली, गोकुळाष्टमी झाली. मधे एकदा बुधी मंगळीला घेऊन आली, घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. तिला बघून आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. हो, कौतुक! तिचे गाल भरले होते, पाय टरटरीत झाले होते. काळेभोर केस भुरे, तांबूस झाले होते. "अगंबाई, बाळसं धरलं की पोरीनं! आणि केस बघा, मडमेसारखे!" आत्या म्हणाली. "पावडर मानवली हो!" बुधीही हरखली. "फुगलीय खरी, बाय." पडवीत ठेवली तर मंगळी भिंत धरायला गेली नाही. बसवलं तिथं बसून राहिली. मी थुंकीचे बुडबुडे काढून दाखवले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. मला राग आला. मी म्हटलं, शिष्टच झालीय ही.

पुढं शिक्षिका झाले तेव्हा कुठल्याशा आरोग्यशिबिरात भिंतीवर लावलेल्या चित्रात मी ते गाल आणि ते केस बघितले. सूज होती ती. उपासमारीची सूज आणि उपासमारीचा तांबूस रंग. बाई समजावून सांगत होती, आया सगळ्या मान हलवत होत्या, आणि मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. आता त्याला नाव आहे, कुपोषण. दर पावसाळ्यात पेपरात येतं, या वाडीचं, त्या पाड्याचं. आमच्या वेळी नावही नव्हतं. पोर धरत नाही, वाळलं, दृष्ट लागली, असं काहीतरी म्हणायचे आणि दिवस घालवायचे. त्याच सुमाराला कॅम्पात रेशन होतं, दवाखाना होता, कुठल्या बराकीत किती माणसं याची मोजदाद होती. पुरं पडत नव्हतं, लोक शिव्या देत होते, पण होतं. आणि जी माणसं कुठूनही आली नव्हती, इथलीच होती, ती कुणाच्या मोजदादीत नव्हती. पण हे मोठमोठं बोलणं मला आता सुचतं. आणि मोठमोठं बोललं की आमची पडवी लहान दिसायला लागते, हा त्यातला फायदाही मला कळतो.

पितृपक्षात आजोबांचं श्राद्ध होतं. वडे, खीर, आमसुलाची चटणी. अंगणात पान वाढून ठेवलं आणि कावळा काही शिवेना. ऊन टळटळीत. वडील हात जोडून उभे, आत्या हात जोडून उभी, "काय राहिलं असेल ते सांगा, करू, पण जेवा." एक कावळा कुंपणावर बसून आमच्याकडे तिरकं बघत होता. बुधी पडवीत मुकुंदला घेऊन बसली होती आणि त्या पानाकडे बघत होती. "काल्पासून पोर काय घेत नाय, बाय," ती आईला म्हणाली. "पातळ पातळ व्हतंय." आई म्हणाली, "जायफळ उगाळून देते, जाताना घेऊन जा." मग कावळा शिवला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बुधी आली नाही.

मुकुंद रडायला लागला. आई त्याला साखरपाणी देत होती, तो थुंकत होता. वडिलांनी कारखान्याला दांडी मारली, जी ते कधी मारत नसत. मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, कारण बुधीचं खोपट मला माहीत असेल असं त्यांना वाटलं. मला माहीत नव्हतं. ती रोज आमच्याकडे येत होती, आम्हाला तिकडे जाण्याचं काय कारण?

वाडीत शिरलो तर कुणी काही सांगायची गरज पडली नाही. खोपटाबाहेर माणसं गप्प बसली होती. मंगळीला पुरून आले होते. कारवीच्या कुडाच्या त्या खोपटात मी डोकावले. तीन दगडांची चूल, ओली लाकडं, नुसता धूर. एकच मडकं. त्यातच पेज, त्यातच खेकडे, त्यातच पाला. पाणी उकळून घे, असं आम्ही सांगितलं होतं. कशात, ते सांगितलं नव्हतं. डबे मात्र लख्ख घासून फळीवर ठेवले होते. शेजारची बाई म्हणाली, "लय पुरवून पुरवून दिलान तिनं. पानी पांढरं झालं का बास." पावडर केव्हाच संपली होती. मग पेजेचं पाणी. बुधी खोपटामागं उभी होती, आमच्याकडे पाठ करून. दाटून आलेलं दूध ती गवतावर पिळत होती.

वडील टोपी काढून उभे राहिले. "काही लागलं तर सांग," म्हणाले. काय विचारायला आलो ते त्यांना विचारवलं नाही.

आई दारातच होती, मुकुंदला खांद्यावर घेऊन. वडील म्हणाले, "पोर गेली तिची."

आणि माझी आई, जी मुंगीवर पाय पडला तर हळहळायची, ती म्हणाली, "मग आता ती येणार ना?"

मी आईला दोष देत नाही. सायकलवर मागं बसून मी सबंध रस्ताभर तेच म्हणत होते. देवा, तिला येऊ दे. मंगळीसाठी मी देवाला एकही कैरी कबूल केली नव्हती.

बुधी आली. एक दिवस मधे गेला आणि आली. पडवीत बसली, हात पुढं केले. "द्या. दुकतंय लय." मुकुंद अधाशासारखा प्यायला लागला. आत्या खांबाशी उभी राहून म्हणाली, "नशीब एकेकाचं, बाई." तिचा आवाज फाटला होता, हेही सांगायला हवं. बुधी मुकुंदच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाली, "तुमची पावडर चांगली व्हती, बाय. तुमी चांगलंच दिलं. माझ्याच हाताला गुण नाय. दोन आधीच गेली, ही तिसरी." आम्ही सगळे तिथं होतो. आई, आत्या, कोट चढवत असलेले वडील, मी. कुणी काही बोललं नाही.

कापणी सुरू होईपर्यंत ती येत राहिली. मग मुकुंद वरणभाताला लागला आणि बुधीचं माणूस तिला घेऊन लांब कुठं भट्टीवर गेलं. परत आमच्या दारी भाजी घेऊन आली नाही.

मुकुंद आता सत्तरीचा आहे. धडधाकट. अजून गड चढतो. आमच्या घरात त्याच्याबद्दलचा एक विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कातकरणीचं दूध प्यालाय, म्हणून डोंगर दिसला की पळतो! तो स्वतःच सांगतो, रंगवून. गेल्याच आठवड्यात त्याच्या नातवाचं बारसं झालं. हॉल, फुगे, पेढे. पाहुणे पांगल्यावर घरची चारदोन माणसं बसलो होतो. मुकुंदला रंग चढला. "अरे, याला म्हणावं आजोबांसारखा हो. आम्ही असले डब्यावर वाढलेले नाही, अस्सल कातकरणीच्या दुधावर पोसलोय!" सगळे हसले. मीही दरवेळी हसते.

त्याची सून पूर्वा हसली नाही. बाळ तिच्या मांडीवर पीत होतं. ती सहज मला म्हणाली, "आणि तिचं बाळ हो, आत्या? ते काय प्यायचं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शिकलेल्या माणसांनी नाही, शहाण्यांनी नाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं, डबे, लाडू, केस, मडकं. मुकुंद ऐकता ऐकता पुढं सरकून खुर्चीच्या कडेवर आला. बुधी म्हणाली ते, हाताला गुण नसल्याचं, ते सांगितलं तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

"आणि कुणी सांगितलं नाही तिला? तिची चूक नाही म्हणून? ताई, आईनं नाही, आत्यानं नाही, अण्णांनीसुद्धा नाही?"

"नाही."

"पण का?"

"तू तिच्या मांडीवर होतास," मी म्हटलं. "पीत होतास."